समुद्राचा कोपरा

चपला काढा आधी. हो, तुम्हालाच सांगते. हा नुसता दगड नाही बाप्पा. वाकून हात फिरवून पाहा, वारा आला की पाण्यावर उठतात तशा वळ्या लागतील हाताला. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि त्याच्या लाटा आमच्या टेकडीच्या माथ्यावर! काहून, ते सांगते. मी फुलाबाई तोडसाम, या टेकडीखालच्या गावची. गाव आता तिथं नाही, खाणीसाठी उठवलं. ते मागून सांगेन, नाहीतर माझं डोकं आत्ताच फिरायचं.

असं सांगतात, की फार पूर्वी भुई एका जागी बसत नव्हती. तिचे मोठमोठे तुकडे समुद्राच्या पाठीवर बसून चालायचे, वर्षाला बोटभर. त्यातल्या दोघी बहिणी, थोरली भुई आणि धाकटी. समुद्रानं दोघींना वागवलं, त्यांच्या अंगावरून वाहून आलेला गाळ पोटात घेतला, आणि मधल्या पाण्यात आपली शिंपल्या-माशांची लेकरं वाढवली. पुढं बहिणींना एकमेकींच्या भेटीची ओढ लागली. भेटा ना, कोण नको म्हणतं? पण मधल्या समुद्रानं जायचं कुठं? तो म्हणाला म्हणे, "तळ्याएवढी जागा ठेवा, लेकरं आहेत माझी." थोरली म्हणाली, "आमच्यात जागा नाही." गरज सरो, वैद्य मरो!

काठावर सोनकी नावाची म्हातारी राहायची. शाळेतले सर सांगतात, कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट ही, तेव्हा माणूसच नव्हता. नसेल. पण एवढा अन्याय झाला आणि बोलायला कोणीच नव्हतं, हे मला काही पटत नाही. सोनकी उठली, दोन्ही भुयांच्या मध्ये उरलेल्या चिंचोळ्या पाण्यात जाऊन बसली. "ज्याच्या पाठीवर बसून आलात त्यालाच ऊठ म्हणता? लाज कशी वाटत नाही! त्याला जागा मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

भुया काही थांबल्या नाहीत. एकमेकींवर आदळल्या, मधली जमीन चुलीवरच्या पापडासारखी फुगून वर आली, तिचे डोंगर झाले. शिंपले दगडात अडकले. लाटा होत्या तशाच थिजल्या, त्या या. समुद्र आक्रोश करत निघून गेला, आणि सोनकी पाण्यात बसली होती ती डोंगराच्या माथ्यावर आली. थोरली मग गोड बोलायला लागली, "हा डोंगर तुला घे." म्हातारी थुंकली म्हणे. "मला डोंगर कशाला? त्याची जागा द्या!"

मग ती डोंगर उतरली आणि दारोदार गेली. म्हणाली, भुईनं दिली नाही, तुम्ही द्या. घर बांधाल तेव्हा एक कोपरा समुद्रासाठी सोडा. तिथं धान्य नको, देव नको, अंथरूण नको. उठवलेला कधी परत आला, तर त्याला जागा नाही असं कोणी म्हणू नये.

आता आमचं ऐका. खाणवाल्यांनी गाव उठवलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. वसाहतीत दहा बाय दहाच्या दोन खोल्या दिल्या. तपासायला साहेब आला, रिकामा कोपरा पाहिला आणि कागदावर लिहिलं, 'जागा शिल्लक.' शिल्लक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "साहेब, ती दिलेली जागा आहे." तो हसला.

यंदा सून बाळंत झाली. पाळणा बांधायला जागा नाही. ती म्हणाली, "आत्या, आता तर आपणच उठवलेले. तो कोपरा आपणच घेतला तर काय बिघडलं?"

मी म्हटलं, "आपल्याला उठवलं म्हणून आपण त्याला पुन्हा उठवायचं? मग त्या थोरलीत आणि आपल्यात फरक काय राहिला गं?"

आजही आमच्या घराघरात तो कोपरा मोकळाच आहे. नातवाचा पाळणा माझ्या अंथरुणाच्या जागी बांधलाय. मी बाहेर ओट्यावर झोपते.