ठकू कुंभारणीचा ठोका

ठकूच्या डोळ्याला डोळा लागत नसे. लेक बनू चार वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. हाक मारली की वळून बघायची, हसायची, रुसायची. पण तोंडातून बोल म्हणून फुटत नव्हता. कुणी म्हणे जीभ जड आहे, कुणी म्हणे उशिरा बोलेल. ठकू सगळ्यांचं ऐके आणि शेवटी दोष स्वतःलाच देई. आईचं असंच असतं. पोर दगडाला ठेचकाळलं तरी तिला वाटतं, हा दगड आपण आधी पाहायला हवा होता.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. खानदेशातल्या आसरखेड्याच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि गावाची तहान भागायची ती कुंभारवाड्यातल्या घागरींनी. चाकावर बसायचा मान पुरुषांचा. चाकावरून उतरलेली ओली घागर आतून गोटा धरून, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत मोठी करायची, ते काम बायकांचं. ठकूचा नवरा रावजी चाक फिरवी आणि ठकू दिवसभर ठोके.

ठकूला लहानपणापासून तालाचं वेड. माहेरी देवळात पखवाज वाजू लागला की ती बाहेर पायरीवर बसून मांडीवर बोटं चालवी. सासरी आली आणि हातात थापटणं आलं, तेव्हा तिला वाटलं, देवानं आपलं ऐकलं. पहिल्याच खेपेला तिनं आठ ठोक्यांचा ताल धरला, पहिला ठोका जोराचा, बाकीचे हलके. असं म्हणतात, की रस्त्यानं जाणारे बैलसुद्धा त्या तालावर पाऊल टाकू लागले.

पण घागरी भाजायचा आवा उघडला तेव्हा निम्म्या घागरी तडकलेल्या. आठ ठोक्यांत घागर बरोबर एक फेरी घेई, त्यामुळे जोराचा ठोका दर वेळी त्याच जागी पडे. तिथं घागर पातळ झाली होती आणि आगीत तिथंच चीर गेली. सासू भिकाबाई एवढंच म्हणाली, "तमाशाच्या फडात जन्मायची ती कुंभाराच्या घरात आली. पुन्हा असं झालं तर थापटण्याला हात लावायचा नाही."

ठकू गप्प झाली. ठोके पडत राहिले, सगळे सारखे, सगळे मुके. घागरी तडकत नव्हत्या, पण घरात तिचं हसूही ऐकू येत नव्हतं. बनू त्याच वर्षी जन्मली. म्हणून ठकूला मनातून वाटे, आपला मुकेपणाच हिनं उचलला.

मग बनू चार वर्षांची असताना आखाजी आली. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावानं नवी घागर भरतात. गावाच्या चाळीस घागरी रावजीनं चाकावरून उतरवल्या होत्या. भिकाबाई बाजाराला गेली होती. एक घागर नेहमीसारखी मुक्यानं ठोकून झाली आणि दुसरीवर ठकूचा हात कधी तालात गेला, तिचं तिलाच कळलं नाही. कळलं तेव्हा ती थबकली. समोर बनू येऊन बसली होती. एरवी पोरगी कोपऱ्यात चिखलाशी खेळायची. आज तिचे डोळे थापटण्यावर खिळले होते.

घागरी फुटल्या तर चाळीस घरांचे पितर तहानेले राहतील, हे ठकूला ठाऊक होतं. थापटणंही जाईल. तरी लेकीच्या त्या डोळ्यांपुढं तिला थांबवेना. तिनं पुन्हा ताल धरला.

फेरी संपली की बनू पुढे होई आणि इवल्या तळव्यानं घागर जराशी सरकवी. ठकूनं दोनदा हात बाजूला केला. पोरगी ऐकेना. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर ठकूनं घागरीच्या अंगावरून बोटं फिरवली. जाडी सगळीकडे सारखी होती. दर फेरीला घागर पुढे सरकत होती, म्हणून जोराचा ठोका दर वेळी नव्या जागी पडत होता. ताल तसाच ठेवायचा, फक्त घागर सरकवायची. एवढं सोपं. आणि चार वर्षं ती तालालाच दोष देत बसली होती.

उरलेल्या सगळ्या घागरी मायलेकींनी तशाच ठोकल्या. असं म्हणतात, की तो आवाज ऐकायला नदीचं पाणी काठाशी येऊन थांबलं होतं.

आवा उघडला तेव्हा सारा गाव जमला. भिकाबाईनं पहिली घागर उचलली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. देवळातल्या घंटेसारखी घुमली. दुसरी, दहावी, तिसावी, तिच्या कानाला सगळ्या सारख्याच घुमल्या. भिकाबाई वाजवतच राहिली. तिच्या मागून बनू प्रत्येक घागर वाजवत चालली होती. शेवटच्या घागरीपाशी ती थांबली.

"ही बद्द वाजते," बनू म्हणाली.

भिकाबाईनं घागर उन्हात धरली. केसाएवढी चीर होती. ती नेमकी पहिली, मुक्यानं ठोकलेली घागर होती, असं म्हणतात. हे मागून कुणी जोडलंही असेल. पण चीर होती, एवढं खरं.

आजही आसरखेड्यात आखाजीची घागर मोठी माणसं पारखत नाहीत. घरातलं सगळ्यात लहान पोर ती वाजवतं, आणि सगळे विचारतात, "काय म्हणते ठकूची घागर?" पोर जे सांगेल ते मान्य. कुंभारवाड्यात नवी सून आली की तिच्या हाती थापटणं देताना सासू म्हणते, वाजव, पण सरकवत राहा.

त्या दिवशी मात्र बनू बोलली आणि कुणाला घागरींचं भान राहिलं नाही. ठकूनं लेकीला उराशी धरलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस गं?" तिनं विचारलं.

बनूनं जरा विचार केला.

"मी ठोके मोजत होते," ती म्हणाली.