कोरजाईच्या ओट्यावर समोर बसण्याची रीत

कोरजाईला मी बोललेला पहिला नवस नारळाचा नव्हता, खणाचाही नव्हता. धाकटे दीर दवाखान्यात होते, डॉक्टर काही सांगेनात, तेव्हा मी हात जोडून एवढेच म्हटले, "आई, माणूस धड घरी येऊ दे, मी धाकट्या जावेसमोर बसेन." तिच्याबद्दल माझ्या मनात पक्के होते, की सासूबाईंच्या पाटल्या तिनेच माहेरी पोचवल्या. नऊ वर्षे मी तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. दीर घरी आले. मी नवस फेडला. पाटल्यांचे काय झाले ते मला अजूनही कळलेले नाही.

तुम्ही लांबून आलात, तुम्हाला वाटेल समोर बसण्याचा हा कसला नवस. तर तुम्ही आता ज्यावर पिशव्या ठेवल्यात तो हा ओटा. असू द्या, देवी रागावत नाही, फक्त मधली जागा मोकळी ठेवा. या काळ्या दगडावर समोरासमोर दोन खळगे आहेत बघा, माणूस मांडी घालून बसेल एवढे. पाथरवटाने ते घडवलेले नाहीत. दोन बायका समोरासमोर बसून बसून ते झाले, असे आमच्या धामणखडीत सांगतात. मला ही हकीकत आजेसासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. त्याच्या मागे कोण, ते देवीलाच ठाऊक.

तेव्हा गाव चाळीसएक घरांचे. दिवाळी सरली की या टेकडीच्या पायथ्याला पालं पडायची. दरसाल तीच भटकी माणसे, तीच गाढवे, तीच कुत्री. त्यांच्या बायका दारोदार फिरून जुनेर गोळा करायच्या. फाटकी लुगडी, विरलेली धोतरे, पोरांची आखूड झालेली अंगडी असे गाठोडे डोक्यावर घेऊन पालावर न्यायच्या, दहा-बारा दिवसांत त्याची वाकळ, म्हणजे जाड गोधडी, शिवून आणायच्या आणि पदरात जोंधळे घेऊन जायच्या. त्या जोंधळ्यांवरच त्यांचा हिवाळा निघे.

गावाला वाकळ हवी असे, शिवणारीण नको असे. ती दारात आली की दोरीवरचे धुणे आत जाई. वाकळ घरी आली की बायका ती उजेडाला धरून बघत. दिलेल्या लुगड्याचा काठ दिसला नाही, तर म्हणायचे, ठेवून घेतला. दिसला, तर म्हणायचे, वरच का लावला, आत काय दडवलंय? शिवाय अंगावरून उतरलेला कपडा परक्या हातात गेला की त्यावर करणी करता येते, अशी तेव्हाची समजूत. या बायका तर साऱ्या गावाचे उतरलेले कपडे नेत. त्यामुळे कोणाची म्हैस आटली, कोणाचे पोर आजारी पडले, की गावाची नजर आधी पालांकडे जाई.

त्या पालांत धुरपा नावाची एक बाई होती. तिच्या टाक्याला नाव होते. तिच्या वाकळीवर तांब्याभर पाणी ओतले तर ते पलीकडे उतरायला दुपार व्हायची, म्हणे. नवरा मागल्याच साली गेलेला, आणि पाठीशी एक तान्हे पोर.

गावात बनाई होती. तिची दोन लेकरे गेली होती, तिसरी मंजुळा तेवढी राहिली, तीन वर्षांची. त्या साली बनाईने धुरपाला दोन लुगडी, एक धोतर आणि मंजुळेची लाल कुंची दिली. कुंची म्हणजे लेकरांचे टोपडे, पाठीवर सोडलेले. टोकाला गोंडा होता. चौथ्या दिवशी मंजुळेला ताप भरला. दोन दिवस झाले तरी उतरेना. पोर डोळे उघडीना, दूध तोंडात राहीना.

बनाईची सासू उशाशी येऊन बसली.

"पोरीचं काय दिलंस तिला?"

"कुंची दिली. आखूड झाली हुती."

"धुऊन दिलीस का तशीच?"

बनाईने पोरीवरचे पांघरूण सारखे केले. कुंची तिने तशीच दिली होती.

"मग बस आता," सासू म्हणाली. "ती तिकडं सुई घालतीय अन् हिकडं पोर कण्हतीय."

एवढे बोलणे पुरले. दिवस उगवायला निम्मे गाव पालांवर. धुरपा अर्धी वाकळ मांडीवर घेऊन बसलेली. कोणी म्हणाले, उसवा. कोणी म्हणाले, जाळा. तेव्हा देवीचा गुरव पुढे झाला. तो म्हणाला, "अर्धी वाकळ उसवली, आणि हिनं खरंच काय घातलं असंल, तर पोरगी हातची जाईल. पुरी हुंद्या. पण हितं न्हाई, देवीपुढं, उजेडात. दिवस मावळायच्या आत पुरी झाली तर झाली. न्हाई झाली, तर पालं उठवायची, ती कायमची."

ऐन थंडीत, दाणा पदरात नसताना पालं उठवायची म्हणजे काय, ते धुरपाला सांगायला नको होते. पुढच्या सहा गावांत तिच्या आधी तिचे नाव पोचले असते, आणि मग तिलाच काय, तिच्या एकाही बाईला कोणी जुनेर दिले नसते. ती म्हणाली, "शिवते. पण हिच्या आईला समोर बसवा. अन् पोरीला बी आणा. सुई टोचत असंल, तर आईच्या डोळ्यांदेखत टोचू दे."

मग या ओट्यावर वाकळ अंथरली. शिवून झालेल्या भागावर मंजुळेला निजवले. एका कडेला धुरपा बसली, समोरच्या कडेला बनाई, आणि भोवती सारे गाव.

सुई खाली गेली की बनाई पोरीच्या तोंडाकडे बघे. पोर हलत नव्हती, पण बनाईचे मन मानेना. तिने घरून आपली सुई मागवली आणि म्हणाली, हिने शिव. धुरपाने स्वतःची सुई ओट्यावर ठेवली आणि तिची घेतली. थोड्या वेळाने बनाईला दोऱ्याचा संशय आला. तिने आपल्या पदराचा दोरा ओढून दिला. धुरपाने तो ओवला. मग बनाईला दिसले, की हिचे ओठ हलताहेत.

"काय पुटपुटतीस?"

"ओवी म्हणते."

"मोठ्यांदा म्हण."

धुरपाने मोठ्याने म्हटली. ती ओवी आमच्याकडे अजून म्हणतात:

*फाटकं-तुटकं जोडीत जोडीत*
*झाली वाकळ, गं बाई,*
*ज्याच्या अंगावर पडंल तेला*
*ऊब दे, कोरजाई*

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एक म्हणाली, मंत्र असाच गोड असतो.

दुपार कलली. वाकळीची एक बाजू अजून मोकळी होती, थर सुटे होते. बनाईने तिथून आत हात घातला. लुगडी लागली, धोतर लागले. शिवलेला भाग तिने तसूतसूने चाचपला. गोंडा कुठे लागेना.

"कुंची कुठाय?" ती म्हणाली.

धुरपाची सुई थांबली.

आता तिच्यापुढे काय होते ते बघा. गप्प बसावे, तर कुंची करणीसाठी वेगळी काढली हे गावाच्या मते सिद्धच. खरे सांगावे, तर ती चोर ठरून पालांतल्या साऱ्या बायकांना गावाची दारे बंद. लोक पुढे सरकले, म्हणे. काहींच्या हातात काठ्या होत्या.

"माझ्या पोराच्या डोस्क्यावर हाय," धुरपा म्हणाली. "घेतली मी. गारठला हुता."

"मागायची हुतीस."

"दिली असतीस?"

भोवती गलका झाला. चोर निघाली, चोर निघाली. एकीला आपले लुगडे आठवले, एकीला परसातली कोंबडी. त्या गलक्यात बनाई उठली. गुरव नको म्हणत होता, सासू पदर धरत होती, पण ती तडक टेकडी उतरून पालांवर गेली.

तिथे एका म्हातारीच्या मांडीवर पोर बसले होते. लाल कुंची डोक्याला, गोंडा पाठीवर, हातात भाकरीचा कडक तुकडा. त्याने बनाईची बांगडी धरून ओढली आणि हसले. बनाईने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होते.

ती वर आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, कुंचीत काय केलं असतं, तर तिनं ती आपल्या लेकराच्या डोस्क्याला बांधली असती का?"

"तेवढ्यासाठीच बांधली असंल. आपल्याला फसवाया."

"आपलं पोर पुढं करून?"

सासूने तोंड फिरवले. तिनेही लेकरे वाढवली होती, आणि मातीतही ठेवली होती. काठ्या हळूहळू खाली आल्या. पण गुरवाचा शब्द तसाच होता आणि दिवस उतरणीला लागला होता. बराच भाग शिवायचा राहिला होता. एकट्या हाताने तो पुरा होणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होते. काहीजण त्याचीच वाट बघत उभे होते, असेही सांगतात.

बनाई आपल्या जागी बसली. म्हणाली, "सुई दे."

"तुझी माझ्या हातात हाय."

"मग तुझी दे."

ओट्यावर सकाळपासून पडलेली ती धुरपाची सुई, जिला हात लावायला कोणी धजत नव्हते, ती बनाईने उचलली. एका ओळीला धुरपा आपल्या कडेने येई, बनाई आपल्या कडेने, आणि दोघी मध्ये भेटत. बनाईचे टाके लांब, वाकडे.

"बैलाची झूल शिवतीस काय?" धुरपा म्हणाली.

"चोरानं शिकवू ने."

"मग शिकू नको. पण दोरा तरी ओढ नीट."

गर्दीतले कोणीतरी हसले. इतक्या वेळात पहिल्यांदा, म्हणे.

त्या दिवशी सूर्य समोरच्या डोंगराच्या हातभर वर आला आणि तसाच राहिला, असे सांगतात. गुरे परतली, पाखरे झाडांवर आली, तरी उजेड हलला नाही. शेवटच्या ओळीत दोघींचे टाके मध्ये भेटले, धुरपाने दोरा दाताने तोडला, आणि मग एकदम मावळले. तिसऱ्या दिवशी मंजुळेने भाकरी मागितली. सूर्य देवीने थांबवला, की घाईच्या हातांना संध्याकाळ मोठी वाटली, मी सांगू शकत नाही. ताप कशाने उतरला, तेही नाही. मी देवीला मानते, म्हणून हात जोडते.

बनाईने कुंची परत घेतली नाही. पण गाव एका दिवसात शहाणे झाले, असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. त्या हिवाळ्यात निम्म्या घरांनी जुनेर दिलेच नाही. ज्यांनी दिले, त्यांनीही बजावले, "पालावर न्यायचं न्हाई. देवीच्या ओट्यावर आमच्यासमोर बसून शिवायचं, बनाईच्या वाकळीसारखं." म्हणजे बायका पाळत ठेवायलाच बसत होत्या. पण दिवसभर दुसरीचे हात बघत बसले की आपले हात स्वस्थ राहत नाहीत. कोणी दोरा ओवून दिला, कोणी कड धरली, कोणी भाकरी आणली. पाळत ठेवता ठेवता रीत पडली. पालं दरसाल येत राहिली, आणि पुढे केव्हातरी ती उठायचीच थांबली.

आजही देवळाखालच्या वस्तीत धुरपाच्या वंशातल्या बायका गोधड्या शिवतात. वीसेक घरे त्यावर चालतात, पोरी कॉलेजात जातात. शहरातून मागण्या येतात, पण इथली अट मोडत नाही. गोधडी हवी त्याने निदान एक ओळ समोर बसून शिवायची. आणि सुईत दोरा ओवण्याआधी शिवणारणीच्या लेकरासाठी एक चांगला, न फाटलेला कपडा तिच्या हातात ठेवायचा, म्हणजे तिच्यावर मागायची वेळ येऊ नये. इथल्या प्रत्येक गोधडीत एक ओळ लांब-वाकड्या टाक्यांची असते. ती कोणी उसवत नाही.

पुढे मनात किंतु असलेल्या कोणत्याही दोघी नवस बोलून इथे अशाच गोधडी शिवायला बसू लागल्या, आणि आजही बसणारी बाई आधी डोळे बारीक करूनच बसते. मीही बसले होते. जाऊ समोर, मध्ये गोधडी, आणि माझे लक्ष सगळे तिच्या हातांतल्या बांगड्यांवर. दुपारपर्यंत माझ्या मनात देवी कमी आणि पाटल्याच जास्त होत्या. मग तिने मला विचारले, "जाऊबाई, चष्मा बदलायचा राहिलाय का तुमचा? दोरा सुईच्या बाहेरूनच चाललाय." नऊ वर्षांत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. पाटल्यांचे मी अजून विसरलेले नाही. पण आता मी तिच्याकडे चहाला जाते.

देवी मन स्वच्छ करून या म्हणत नाही. तसे असते, तर हा ओटा कोरा राहिला असता. किंतु असेल तो घेऊनच या म्हणते, फक्त माणसाच्या पाठीमागे नको, समोर. तुमच्याही मनात एखादी असेलच. कामाला येणारी, शेजारची, सून, नणंद, जिच्याबद्दल तुम्ही काही ठरवून बसला आहात. माझी एवढी विनंती ऐका. पिशव्या उचलण्याआधी देवीपुढे तिचे नाव घ्या आणि म्हणा, मी तिच्या समोर बसेन.