ओली पावलं

भक्तहो, सीना नदीच्या काठी करंजवडी नावाचं एक लहानसं गाव होतं. निवांतनाथ महाराज त्या वर्षी तिथे मुक्कामाला होते. गावात राहीबाई कोष्टीण राहत असे. मागावर बसल्या बसल्या ती पदं रचायची आणि चैत्रातल्या उत्सवात देवापुढे गायची. पण त्या साली मोठ्या तापातून उठली ती आठवण गमावूनच!

तरी उत्सवाच्या सकाळी ती सवयीने देवळाच्या अंगणात देवापुढे उभी राहिली. तोंड उघडलं, पण शब्द येईना. गावचे विद्वान कवी वैजनाथशास्त्री मोठ्याने हसले. "अहो, कवी म्हणजे आठवणीचा धनी! हिला काल काय जेवली ते सांगता येत नाही, आणि ही पद म्हणणार?"

राहीबाईने तिथेच बसलेल्या महाराजांचे पाय धरले. "महाराज, पदं गेली तर जाऊ द्या. पण नदीत वाहून गेलेल्या माझ्या लेकीचं नावसुद्धा आठवत नाही हो!"

महाराजांचे डोळे भरून आले. तिच्या मस्तकावर हात ठेवून ते म्हणाले, "माय, गेलेलं शोधू नकोस. आत्ता समोर काय दिसतं, तेवढं सांग."

तिने मान वर केली. आणि काय आश्चर्य! उन्हाने तापलेल्या कोरड्या फरशीवर, अंगणाच्या दारातल्या उंबरठ्यापासून तिच्यापर्यंत, लहान मुलीची ओली पावलं एकामागून एक उमटत आली. सारी सभा थक्क झाली. राहीबाईच्या गळ्यातून आपसूक सूर निघाला:

सुकलेल्या दगडाला । ओला पाय कुणी दिला ॥
माझी रंगू आली बाई । तिला काळ ठाव नाही ॥

"रंगू! माझी रंगू!" नाव सापडलं होतं. ती रडत होती, हसत होती आणि गातच होती.

शास्त्रीबुवांनी वाकून एका पावलाला हात लावून पाहिला. तळवा ओला झाला. ते तसेच महाराजांच्या चरणी कोसळले.

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, आठवणीतून पद येतं, हे तुमचं खरंच. पण पदही आठवणीला हात धरून घरी आणतं. नमस्कार तिला करा."

शास्त्रीबुवांनी राहीबाईपुढे डोकं टेकवलं. "बाई, पुन्हा एकदा म्हणा. मला पाठ करू द्या."

राहीबाई डोळे पुसत म्हणाली, "म्हणते, बुवा. पण नीट ऐका; उद्या मी विसरले, तर तुम्हीच मला सांगायचंय."