भामाबाईची राखण

फार वर्षांपूर्वी, नदीपलीकडचं माणूस चिंचदऱ्याला परमुलखातलं वाटायचं, तेव्हाची ही गोष्ट. ऐका, पण ऐकल्या ऐकल्या खरी मानू नका. चिंचदऱ्यानं कधीच काही चटकन खरं मानलेलं नाही.

एका उन्हाळ्यात नदीवर पुलाचं काम निघालं. गडी दिवसभर पाया भरायचे, सकाळी बघावं तर खचलेला. मग गावात कुजबुज उठली, की पुलाला मूल पाहिजे. जितं मूल पायाच्या खड्ड्यात पुरल्याशिवाय खांब उभा राहायचा नाही. हे कुणी सांगितलं, ते ठाऊक नाही. असल्या गोष्टीला सांगणारा लागतच नाही.

आणि नेमकी त्याच उन्हाळ्याच्या शेवटी भामाबाई आली. सरकारनं धाडलेली मास्तरीण. संगतीला माणूस नाही, हातात एक ट्रंक. कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शाळेची." ओढ्याकाठच्या पडक्या धर्मशाळेत तिनं शाळा मांडली. पहिल्याच दिवशी तिनं एकेका पोराला दारच्या खांबाला टेकवून उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि कोळशानं रेघ ओढली. लहान पुढं आणि थोर मागं बसवावीत, एवढंच तिच्या मनात होतं. पण गावानं बघितलं ते माप.

"माप घेतीया," पाणवठ्यावर बाया म्हणाल्या. "खड्ड्याचं माप."

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. कुणी माळ्यावर दडवलं, कुणी कणगीत.

शाळा तपासायला सरकारी साहेब यायचा. त्यानं बाईला आधीच बजावलं होतं, की दिवाळीआधी येईन, आणि पोरं दिसली नाहीत तर शाळा मोडून टाकीन. चिंचदऱ्याला दुसरी शाळा मिळायची नाही.

भामाबाईनं काय केलं असेल? रिकाम्या शाळेत उभी राहून तिनं हजेरी घेतली. एकेक नाव मोठ्यानं घ्यायची आणि जबाबाची वाट बघायची. मग पाढे म्हणायची. तिचा आवाज दरीत असा घुमायचा, की नांगराचे बैल 'बे दाहे वीस' ऐकलं की आपोआप वळायचे, असं म्हणतात. कणगीतली पोरं आतल्या आत ओठ हलवायची, असंही म्हणतात.

गाव आणखीच भ्यालं. नावं घेऊन बोलावते म्हणजे करणीच.

तेव्हा राहीआत्या उठली. राहीआत्या म्हणजे गावातली सगळ्यात संशयी बाई. दुधात पाणी नसलं, तर का नाही म्हणून भांडायची. तिचा मुलगा वारला होता. मागं एकच नात होती, तुळसा. आत्यानं कोयता घेतला आणि शाळेच्या दारात फतकल मारून बसली.

"काय हवंय आत्या?" भामाबाईनं विचारलं.

"काय नगं. तुझं चालू दे. म्या बघतीया."

दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली. मग घराघरानं पाळ्या लावल्या, पिकाची राखण करतात तशी बाईची राखण. आत्या म्हणाली, "उपाशी माणूस काय करंल नेम न्हाई. खाऊ घाला आन् नजरंसमोर ठेवा." म्हणून ज्याची पाळी, त्यानं भाकरी आणायची. पावसाळ्यात राखणदारांच्याच डोक्यावर गळायला लागलं, म्हणून गावानं छप्पर शाकारलं. बाईसाठी नाही, हं. बाई तर आधीच कोरड्या कोपऱ्यात उभी होती. फळ्यावर काय करणी लिहिते ते दिसेना, म्हणून भिंत फोडून खिडकी पाडली. बाई आपली शिकवत राहिली, गाव आपलं डोळा ठेवून राहिलं.

मग साहेब आला. बघतो तर शाळा भरलेली. पण पोर एक नाही. मिशाळ बाप्ये, लेकुरवाळ्या बाया, आणि पुढं कोयता घेऊन आत्या.

"मुलं कुठं आहेत?"

भामाबाई खोटं बोलली नाही. "घरी आहेत. गावाचा माझ्यावर भरवसा नाही."

"मग ही माणसं?"

"आमी हिच्यावर डोळा ठेवतो," आत्या म्हणाली.

"आणि काय पाहिलंत?"

आत्यानं सांगायला सुरुवात केली. बे एके बेपासून सगळे पाढे. फळ्यावरचं बोट ठेवून वाचलं. ती अडखळली तिथं मागच्या बाप्यांनी सूर धरला. अख्खं गाव साक्ष दिल्यासारखं पाढे म्हणायला लागलं. नदीचं पाणी तेवढा वेळ थांबलं, असं म्हणतात. मी पाहिलं नाही. म्हणतात.

साहेबानं टोपी काढली. "शिकलात की आजीबाई!"

"शिकले न्हाई. ध्येनात ठिवलं. फुडं साक्ष द्याया लागली तर?"

साहेब हसला, पण त्याचाही इलाज नव्हता. "थोरांची शाळा सरकार मांडत नाही. मी नदी उतरायच्या आत एक तरी मूल इथं बसलेलं पाहिजे."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. पहिलं पोर कुणाचं? आत्या उठली, घरी गेली आणि कणगीतून तुळसाला काढून घेऊन आली. अंगाला दाणे चिकटलेले, डोळे उजेडानं मिटलेले.

"बसला का भरवसा, आत्या?" भामाबाईनं हळूच विचारलं.

"अजाबात न्हाई. म्हून तर म्या हितंच बसनार." आत्यानं तुळसाला पुढं बसवलं आणि पदर तिच्या पाठीशी धरून स्वतः खाली बसली.

मग एकेक घर उठलं. कुणी माळ्यावरनं, कुणी गोठ्यातनं आपापलं पोर आणलं आणि त्याच्या मागं बसलं. साहेब शाळा न मोडताच परत गेला. शाळा राहिली.

पुढच्या वर्षी पुलाचा खांबही उभा राहिला. गावानं पोरं मोजली. सगळी होती. मग पुलानं काय घेतलं? कंत्राटदार आधी चुना कमी घालत होता, असं म्हणतात.

भामाबाईनं पुष्कळ वर्षं शिकवलं. चिंचदऱ्याचं माणूस आजही कागद वाचल्याशिवाय अंगठाही देत नाही आणि सहीही करत नाही, ते तिच्यामुळं. सरकारनं तिला मोठ्या गावात बोलावून शाल दिली, तेव्हा आपली दोन माणसं बरोबर गेली. शालीच्या बदल्यात काय मागतात ते बघायला. एक दिवस ती पूल ओलांडून गेली ती गेलीच. कुठली होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठाऊक आहे म्हणणाऱ्यांवर आपला विश्वास नाही.

पण शाळा भरली, की अजून रोज एका घरचं माणूस भाकरी घेऊन दारात बसतं. सुगी असो, सुतक असो. यालाच भामाबाईची राखण म्हणतात. नवे गुरुजी येतात, ते आधी रागावतात. विचारतात, "किती दिवस बसणार तुम्ही?"

"भरवसा बसंस्तवर," आपण सांगतो.

तो अजून बसलेला नाही. आणि एकाही घरानं पाळी चुकवलेली नाही.