पालथी ताटली

दाणा चोचीतून खाली पडला, तेव्हाच येसूला कळलं, काहीतरी बिघडलंय.

एवढासा बाजरीचा दाणा. गुलाबी छातीच्या होल्यानं, त्या कबुतरासारख्या लहानशा पाखरानं, तो टिपला, मान ताणली, गिळायला गेला आणि दाणा ओलाकिच्च होऊन पुन्हा मातीत पडला. होल्याच्या गळ्यावरची ठिपक्यांची इवलीशी माळ भिजून चिकट झाली होती.

येसूला आईबाबा नव्हते. एका उजाड बागेच्या कडेला, गवती खोपटात ती आत्याजवळ राहायची. आत्या दिवसभर फुलं विकून दमून यायची आणि गप्प बसायची. येसूशी बोलायचे ते फक्त होले. तिनं "कुकू-रू-कू" अशी हाक घातली, की खोपटापुढच्या कडुनिंबावरून सगळे उत्तर द्यायचे. मग ती लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी त्यांच्या मातीच्या ताटलीत घालायची. जुन्यावरच नवं. पाखरांना दिलेलं पाणी ओतून द्यायचं नसतं, असं आत्या सांगायची.

हळूहळू निंब मुका होत गेला. एका सकाळी तो माळवाला होला ताटलीशेजारी पडलेला दिसला, थंडगार. येसूनं त्याला केळीच्या पानात उचलून जास्वंदीखाली पुरलं. परत येऊन ती ताटलीवर वाकली, तेव्हा तिचा एक टपोरा आसू आत पडला.

हिरवट पाणी चमचमलं. येसू दचकून मागे सरकली. ताटलीच्या काठावर चवळीच्या शेंगेएवढी परी उभी होती. तिचा एक पंख दहिवरासारखा लखलखत होता, दुसऱ्याला शेवाळ चिकटलं होतं.

"घाबरू नकोस गं," परी म्हणाली. "मी या बागेची पाणपरी. एक इच्छा माग. एकच हं."

येसूच्या डोळ्यांपुढे ऊबदार गोधडी आली, आत्यासाठी लाल चपला आल्या. मग तिनं निंबाकडे पाहिलं.

"माझ्या होल्यांचे घसे बरे कर."

परीचा चेहरा उतरला. गेलेल्याला परत आणणं तिच्या हातात नव्हतं. उरलेल्यांना ती वाचवणार होती, पण नियम कडक होते. ताटली रिकामी करून राखेनं घासायची, उन्हात पालथी घालायची. दाणा टाकायचा नाही.

"आणि निंबाला तांबूस पालवी फुटेपर्यंत त्यांना हाक मारायची नाही. एकदासुद्धा."

"हाकसुद्धा नाही?"

"तू बोलावलंस की सारे इथं दाटीनं जमतात. एकाच्या घशातला रोग पाण्यात उतरतो, पाण्यातून सगळ्यांना लागतो. पांगू दे त्यांना."

येसूनं ताटलीकडे पाहिलं. "म्हणजे मीच..."

"तू माया केलीस, बाळा. पाणी तेवढं शिळं होतं."

येसूनं ताटली घासली, पालथी घातली. दिवस राखाडी झाले. निंबाची पिवळी पानं गळत राहिली. विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "पाखरांना पाणी द्यायलाही हात आखडलास का गं?" येसू खाली मान घालून निघून आली.

एकदा एक बारकासा होला पालथ्या ताटलीवर येऊन बसला. मान तिरपी करून तो तिच्याकडे बघत राहिला. हाक अगदी ओठांशी आली. तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. होला वाट पाहून उडून गेला. त्यानंतर कोणीच आलं नाही.

मग एका पहाटे निंबाच्या शेंड्यावर तांबूस, तकतकीत पालवी दिसली. त्या पालवीत पाणपरी बसली होती, दोन्ही पंख निर्मळ.

"ताटली सुलटी कर," ती म्हणाली. "रोज आधी ओतायचं, घासायचं, मग भरायचं. शिळं पाणी जास्वंदीला घाल. ते वाया जात नाही."

बोलता बोलता तिचे पंख गुलाबी झाले, सोनेरी झाले, आणि ती सकाळच्या उन्हात विरघळून गेली.

येसूनं ताटलीत ताजं पाणी ओतलं. मग कितीतरी दिवसांनी तिनं हाक घातली.

"कुकू-रू-कू."

बाग गप्प.

तिनं पुन्हा हाक घातली. एक वाळकं पान टपकन पाण्यात पडलं, तेवढाच आवाज. कदाचित कोणी उरलंच नसेल. तिनं डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा, अगदी हलकेच, साद दिली.

लांब बाभळीवरून, स्वच्छ मोकळ्या गळ्यानं, कोणीतरी म्हणालं,

"कुकू-रू-कू."