हलीमाबीच्या लेकाची कबर

भीमेकाठी दोन सुलतान लढले. दोघं मावसभाऊ. दोन्ही फौजांत बांग एकाच वेळी व्हायची, नमाज संपली की तलवारी निघायच्या. काय बोलायचं आता!

जो जिंकला त्यानं हुकूम काढला, "आपले शिपाई शहीद, त्यांना मानानं पुरा. समोरचे बंडखोर, ते कोल्ह्यांना राहू द्या."

हलीमाबी नावाची म्हातारी त्याच्या डेऱ्यापुढं येऊन बसली. तिचा एकुलता एक दस्तगीर पोटासाठी पलीकडच्या फौजेत गेला होता, आणि आता ओढ्याकाठी पडला होता.

"हुजूर, माझं लेकरू मला पुरू द्या."

सुलतान हसला. "बरं, पूर. पण आमच्या शहिदांसारखं नाही हं, म्हातारे. तो आमचा दुश्मन होता, हे कबर बघूनच कळलं पाहिजे."

"कळेल, हुजूर. तुमच्या शहिदांची तोंडं तुम्ही काब्याकडं केलीत. तुमच्या दुश्मनाचं तोंड कुणीकडं करू, तेवढं सांगा."

सुलतानानं काझीकडं पाहिलं. काझी मान खाली घालून उभा राहिला. मग सुलतान हळूच म्हणाला, "सगळ्यांनाच पुरा."

सांजेपर्यंत माळ कबरींनी भरला. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, काब्याकडं. त्यातला आपला कोण, हे सुलतानालाही ओळखू येईना.

तो म्हातारीजवळ आला. "जिंकलीस गं तू."

हातांची माती झटकत ती म्हणाली, "तुम्ही काल जिंकलात तसंच, हुजूर. आता घरी कुणाला घेऊन जाऊ?"