तांबड्या काचेखालचा शिक्का

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

त्या राज्याचा न्यायाधीश प्रामाणिक होता, पण भारी मानी. न्यायालयाचा दरारा वाटावा म्हणून त्याने दालनाच्या एकुलत्या एक खिडकीला तांबडी काच बसवून घेतली होती. आत पाऊल टाकलं, की भल्याभल्यांची छाती दडपून जाई.

एकदा धान्याचं कोठार जाळल्याच्या आरोपावरून एका तरुण कुंभाराला कडेलोटाची शिक्षा झाली. त्याची म्हातारी आई दोन दिवस चालत राणीच्या छावणीवर गेली. राणीने शहानिशा केली. मुलगा निर्दोष निघाला. तिने पांढऱ्या कागदावर अभयपत्र लिहून दिलं आणि खाली शेंदराचा शिक्का उठवला. म्हातारी परतली ती शिक्षेच्याच दिवशी.

न्यायाधीशाने पत्र उलटसुलट करून पाहिलं. काळी अक्षरं होती, शिक्का नव्हता.

"बिनशिक्क्याचा कागद कुणीही लिहील, बाई."

म्हातारीने वाकून पाहिलं. तिलाही शिक्का दिसेना. ती पार गोंधळली. "बाहेर होता हो, महाराज! चार पावलं उन्हात या. पाया पडते तुमच्या."

"न्यायाधीश आसन सोडून कुणाच्या मागे जात नसतो," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत कडेलोट झाला.

दुसऱ्या दिवशी तोच कागद दप्तरात ठेवायला नेताना अंगणात न्यायाधीशाची नजर त्यावर गेली. शिक्का होता. ठसठशीत, शेंदरी, राणीचाच. तो कागद घेऊन दालनात परतला, तर तांबड्या उजेडात शिक्का पुन्हा दिसेनासा झाला.

त्याने काच घडवणाऱ्या कारागिराला बोलावलं. कारागीर म्हणाला, "उन्हात सगळे रंग असतात, महाराज. ही काच त्यातला तांबडाच तेवढा आत सोडते. मग पांढरा कागदही तांबडा दिसतो आणि शेंदूरही तांबडाच. शिक्का वेगळा दिसणार कसा?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"आपण विचारलं नाहीत."

न्यायाधीश म्हातारीच्या दारात गेला. "आई, शिक्का होता," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"मला ठाऊकच होतं. सांगायचं तर माझ्या लेकाला सांग," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

त्याने आसन सोडलं आणि उरलेलं आयुष्य त्या कारागिराकडे प्रकाशाची विद्या शिकण्यात घालवलं. पुढे त्या राज्यात ही विद्या शिकल्याशिवाय कुणाला न्यायाधीश होता येईना. पण कुंभाराची आई एकटीच राहिली.

तात्पर्य: एखादी गोष्ट नाहीच, असं ठरवण्याआधी आपण कोणत्या उजेडात बसलो आहोत ते तपासावं.